छातीत उतरणारी बासरी

मित्रांनो, आजपर्यंत मी पुष्कळ ऐकून घेतले, परंतु एकदाही बोलले नाही. आता बोलणार आहे. माझा जन्म कोठे झाला, मी कोणाच्या हाती राहिले, कोणाच्या हाती मला जाऊ दिले नाही, आणि कळंबच्या एका मुलीच्या छातीत अडकलेल्या वालाच्या दाण्याने एका थोर माणसाला काय शिकवले, हे सर्व मी क्रमाने निवेदन करीन. माझ्या बोलण्यात त्रागा आढळेल. त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. सर्व ऐकल्यावर तुम्हीच न्याय करावा.

मी एक जुनी नळी आहे. माझे अंग पितळेचे असून वर निकेलचा मुलामा आहे. लांबी दीड वीत आणि जाडी पाटीवरच्या पेन्सिलीएवढी. एका टोकाला धरण्यासाठी मूठ आहे. दुसरे टोक बोरूसारखे तिरपे कापलेले असून त्याच्या जवळ बाजूला चार भोके आहेत. माझ्या पोटातून एक बारीक काडी जाते आणि तिच्या अग्रावर गव्हाच्या दाण्याहून लहान असा विजेचा दिवा लागतो. एखादे मूल चिंचोका, मणी किंवा शेंगदाणा तोंडात घालते, मध्येच हसते किंवा रडते, आणि ती वस्तू अन्नाच्या वाटेने न जाता श्वासाच्या वाटेने खाली उतरते. अशा वेळी मुलाला भूल देऊन मला त्याच्या तोंडातून श्वासनलिकेत उतरवितात. माझ्यातूनच पाहायचे, माझ्यातूनच लांब चिमटा घालायचा आणि वस्तू बाहेर आणायची. तेवढा वेळ मूल माझ्या भोकांतून श्वास घेते. इंग्रजीत मला भले मोठे नाव आहे. दहिवलीच्या रुग्णालयातील परिचर कान्हा म्हसे यांना ते उच्चारता येईना, म्हणून त्यांनी मला 'बासरी' म्हटले. तेच नाव कायम झाले.

एका परदेशी कारागिराने मला घडविले. १९५६ साली डॉक्टर सदाशिव चौबळ यांच्या ट्रंकेतून, लोकरी मोज्यात गुंडाळलेली अशी मी बोटीने या देशात आले. डॉक्टरांना सारा तालुका तात्या म्हणे. त्यांनी मुंबईत मोठा दवाखाना घालावा, अशी सर्वांची इच्छा होती. परंतु ते कर्जतला आपल्या गावी परतले आणि दहिवलीला, नदीच्या अलीकडे, त्यांनी लहान मुलांच्या कान, नाक व घशासाठी आठ खाटांचे रुग्णालय काढले.

आरंभीची ती वर्षे माझ्या गौरवाची होती. नेरळच्या मुलाच्या छातीतून मी खिळा काढला, चौकच्या मुलीच्या छातीतून गुंज काढली. खालापूरकडच्या एका मुलाच्या छातीत पिपाणीची पत्ती अडकली होती. तो श्वास घेई तेव्हा ती वाजे, आणि घरचे लोक पोराच्या अंगात देव आला म्हणून दोन दिवस नारळ फोडीत बसले होते. मित्रांनो, मी काय म्हणावे? तात्यांनी पत्ती काढली, तेव्हा त्याच्या आजोबांना थोडे वाईटच वाटले.

१९६२ पासून तात्या दर वर्षी एक शिष्य घेऊ लागले. हे शिष्य म्हणजे शाळकरी मुले नव्हेत. ते पूर्ण डॉक्टर असत. कान, नाक, घशाची मोठी पदवी त्यांनी घेतलेली असे. तरीही केवळ लहान मुलांवरची शस्त्रक्रिया शिकण्यासाठी ते आणखी एक वर्ष देत. मोठ्या माणसाचा गळा निराळा आणि दीड वर्षाच्या बाळाचा निराळा. बाळाची श्वासनलिका बोरूएवढी असते. तिथे सुतभर सूज आली तरी वाट बंद होते. वर्ष संपले की तात्या शिष्याला शिक्का मारलेले प्रशस्तिपत्र देत. त्यावर शिक्षकांच्या सह्यांसाठी दोन जागा छापलेल्या होत्या. एका जागी तात्या सही करीत आणि दुसरी कोरी राही, कारण रुग्णालयात दुसरा शिक्षकच नव्हता.

आता माझ्या दुःखाचे कारण सांगते. त्या प्रशस्तिपत्रावर 'श्वासनलिकेतील वस्तू काढण्याचे काम शिकले' असे स्वच्छ लिहिलेले असे. प्रत्यक्षात अकरा वर्षांत अकरा शिष्य आले आणि अकराही मला एकदाही मुलाच्या छातीत न उतरविता गेले. ते तात्यांच्या खांद्यावरून माना लांब करून पाहत. त्यांना मी बाजारातून आणलेल्या बकऱ्याच्या नरड्यापुरतीच मिळत असे. कान्हा ते नरडे व्हरांड्यात बांधीत, त्यात शेंगदाणा टाकीत आणि शिष्य उन्हाकडे तोंड करून, बिनदिव्याचा, तो शेंगदाणा शोधीत बसे. दिवा का नाही? तर दिवा जळून जाईल म्हणून. असे शंभर शेंगदाणे काढले की मुलावर काम मिळेल, असे तात्या सांगत. शंभर झाले की म्हणत, आता दुसरे शंभर. दुसरे शंभर होईपर्यंत वर्ष संपे. पोहायला शिकविणाऱ्याने काठावरच हातपाय हालवायला लावावे आणि शेवटी पोहण्याचा शिक्का मारून द्यावा, तसाच हा प्रकार होता.

तात्या लबाड नव्हते. त्यांना भीती वाटे. दुसऱ्याच्या हातून मूल दगावले तर ते मूल आपण दगावू दिले, असे त्यांच्या मनात असे. मला हे समजते. तरीही सांगते की भीतीमुळे माणूस हात आखडतो, आणि आखडलेल्या हातातून कोणालाच काही मिळत नाही.

त्यात १९७१ पासून तात्यांचा उजवा हात थरथरू लागला. ही गोष्ट प्रथम मला समजली, कारण मी त्याच हातात होते. नंतर कान्हांना समजली. दोघेही गप्प राहिलो. मला तर वाचाच नव्हती. कान्हांना होती, परंतु ज्या माणसाचे मीठ खाल्ले त्याला 'तुमचा हात हलतो' असे कोणी कसे म्हणावे?

१९७३ च्या जूनमध्ये बारावी शिष्या आली. तिचे नाव डॉक्टर मालती टिपणीस. मूळची पेणची, अंगाने बारीक, बोलायला सरळ. फेब्रुवारीत एके दिवशी ती तात्यांच्या खोलीत गेली.

"तात्या, शंभर झाले."

"छान. आता दुसरे शंभर."

"तेही झाले. कान्हादादांना विचारा."

कान्हा दारातच उभे होते. ते म्हणाले, "दोनशे बारा झालं तात्या. खाटीक मला इचारतो, तुमचे डाक्टर लोक रोज नरड्याचाच रस्सा खातात काय रं?"

तात्या हसले. "मग तिसरे शंभर घ्या. खाटकाचा धंदा चालू दे."

मालतीबाई हसल्या नाहीत. बाहेर येऊन त्यांनी मला पुसून पेटीत ठेवले आणि पेटीचे झाकण जरा जोरात लावले. मला तो आवाज आवडला.

शिमग्याला आठवडा उरला होता. गावोगावी वाल झोडपून खळ्यावर पडले होते. अशा दिवसांत कळंबचा नागू आपल्या अडीच वर्षांच्या मुलीला, गोदाला, खांद्यावर घेऊन सकाळी आला. बरोबर त्याची आई धोंडूबाई होती. तीन दिवसांपूर्वी गोदाने खळ्यावरचा कोरडा वाल तोंडात टाकला, तिला ठसका लागला, ती काळीनिळी झाली आणि मग खोकला थांबला. खोकला थांबला म्हणून घरच्यांनी सुस्कारा सोडला. मित्रांनो, इथेच सारे फसतात. दाणा श्वासनलिकेतून एका फुप्फुसाच्या वाटेत जाऊन बसला की काही काळ मूल शांत होते. तो गेलेला नसतो, बसलेला असतो.

मालतीबाईंनी गोदाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. डावीकडे श्वास ऐकू येत होता, उजवीकडे जवळजवळ नव्हता.

"एवढे दिवस काय केलंत, आजी?"

"गप बसलो नाय गं पोरी. कोमट पानी दिलं, तीन तीन तांबे. वाफारा दिला."

"वाफारा कशासाठी?"

धोंडूबाईने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "वाल कोरडा शिजतो का कुठं? भिजला की मऊ व्हतो, मऊ झाला की विरघळून जातो. तुमी शेरात वाल खाता का नाय?"

ज्या बाईने आयुष्यभर वाल रात्री भिजत घातले आणि सकाळी दुप्पट फुगलेले पाहिले, तिनेच नातीच्या छातीतल्या वालाला भिजविण्याचा घाट घातला. पाणी पोटात गेले, हे नशीब. परंतु फुगायला छातीतली ओल पुरेशी होती.

"आणि सकाळी काही खायला दिलंत?"

"आत्ताच, येताना. पेज दिली वाटीभर. उपाशी पोर डाक्टरकडं कशी आनायची?"

भरल्या पोटी भूल देता येत नाही. पोटातले उलटून छातीत जाते. भूल देणारे अण्णा कर्णिक खोपोलीहून आले होते, त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुपारपर्यंत थांबण्यास सांगितले. तोपर्यंत गोदाला उशाला टेकवून, नळीने प्राणवायू देत, परिचारिकेच्या नजरेसमोर ठेवले.

नागू मालतीबाईंजवळ येऊन म्हणाला, "तुमीच मोठ्या डाक्टर का?"

"नाही. मोठे डॉक्टर तात्या. मी इथे शिकते आहे."

खरे बोलण्याची काय गरज होती, असे मला वाटले. नागूचा चेहराच बदलला.

"शिकाऊ? टेंपोवर लाल अक्षर लावतात तसं?"

"तसंच समजा."

"मंग तुमी हात लावायचा नाय. शिकाऊ मानसाच्या हातात मी बैल देत नाय, पोर कुठनं देऊ?"

खोलीतून तात्यांचा आवाज आला, "मीच करणार आहे. तू खाली बस."

नागू निश्चिंत मनाने बसला. तो ज्या हातावर विसंबला, तो कसा आहे हे मला माहीत होते, आणि मी पेटीत पडून होते. यापेक्षा मोठा वैताग कोणत्या वस्तूच्या वाट्याला आला असेल?

मालतीबाई मात्र धोंडूबाईच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या. "आजी, वाल भिजला असेल तर साल सुटली असेल ना?"

"सुटनारच. तिसरा दिवस हाय. मोड बी काढला असंल त्यानं."

 मालतीबाई लगेच उठून म्हणाल्या, "कान्हादादा, घरी अंबूवहिनींनी वाल भिजवलेत का?"

"आज बिरडं हाय आमच्यात," कान्हा म्हणाले, आणि मालतीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून पुढे म्हणाले, "म्हंजी व्हतं."

त्यांची बायको अंबूबाई भिजलेल्या वालांचे पातेले घेऊन स्वतःच आली. कारण सांगितल्याशिवाय ती पातेले सोडणारी नव्हती. नरडे बांधले. मालतीबाईंनी त्यात भिजलेला वाल टाकला, माझ्यातून चिमटा घातला, दाणा टोकाला पकडला, आणि बाहेर आली ती नुसती साल. दुसऱ्या वेळी साल. तिसऱ्या वेळी साल. दोनशे बारा कोरड्या शेंगदाण्यांची तालीम एका वालाने धुळीस मिळविली.

हातावर घेऊन त्यांनी एक दाणा चिमट्यात धरला, तर तो टुणकन उडून नागूच्या टोपीवर बसला.

धोंडूबाईला राहवेना. "अगं ए, नवी सून पन अशी सोलत नाय. टोकाला चिमटा घेतला की वाल निसटनारच. आमी सोलताना तसंच करतो, निसटावा म्हनून. तुला सोलायचा हाय का धरायचा हाय?"

"धरायचा आहे."

"मंग पोटाला धर. मधोमध, चपट्या अंगानं. आन दाबू नको, नुस्तं पकड. कोंबडीचं पिलू धरतो तसं."

तात्या बाहेर आले. पायरीवर बायका, पातेले, साली, आणि मध्ये मी. "हे काय? लग्नघर आहे का इथे?"

"तात्या, दाणा टोकाला धरला तर साल हातात येते आणि दाणा आत राहतो," मालतीबाई म्हणाल्या.

"मी अठरा वर्षे दाणे काढतो आहे," तात्या म्हणाले आणि आत गेले. ते खोटे नव्हते. परंतु आजवरचे वाल पहिल्याच दिवशी आलेले होते, कोरडे, सालीला घट्ट चिकटलेले. तीन दिवस भिजलेला वाल त्यांना भेटलाच नव्हता. ताटात भेटला असेल, पण सोलून.

मालतीबाई सराव करीत राहिल्या. दुपारी अडीचच्या सुमारास ओळीने अकरा वाल अखंड बाहेर आले, तेव्हा धोंडूबाईने पातेले बाजूला सारले. "आता जमलं," ती म्हणाली.

तीन वाजता गोदाला भूल दिली. तात्या तिच्या डोक्याशी स्टुलावर बसले, माझा दिवा लागला आणि मी आत उतरले. उजव्या वाटेच्या तोंडाशी मला तो दिसला, पांढुरका, फुगून चहूबाजूंनी भिंतींना टेकलेला. चिमटा माझ्यातून खाली निघाला आणि वाटेत माझ्या अंगावर टकटक वाजू लागला. मी सर्व शक्तीने स्थिर राहिले, पण नळीच्या स्थिर राहण्याने हात स्थिर होत नसतो. चिमट्याने दाणा टोकाला पकडला. बाहेर साल आली. तात्यांनी पुन्हा चिमटा घातला. या वेळी दाणा निसटून आणखी खाली घट्ट बसला.

"तात्या, बाहेर या," अण्णा म्हणाले. "ओठांचा रंग बदलतोय."

मला बाहेर काढले. अण्णांनी गोदाला फुग्याने श्वास दिला.  ताटलीत ती ओली साल पडली होती आणि तात्या तिच्याकडे पाहत होते. नंतर त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले. मला वाटते, तीन वर्षांत प्रथमच पाहिले. हळूहळू गोदाचे ओठ पुन्हा गुलाबी झाले.

तात्या स्टुलावरून उठले.

"मालती, बैस."

कान्हांनी मला तिच्या हातात दिले. मित्रांनो, बारा वर्षांत शिष्याच्या हातून मी प्रथमच जिवंत मुलाच्या छातीत उतरत होते. तिचा हात गार होता, परंतु हलत नव्हता. मी उतरले, दिवा दाण्याजवळ पोहोचला, चिमटा माझ्या अंगाला न शिवता खाली गेला. तिने टोक सोडून दिले. दाण्याच्या दोन्ही चपट्या गालांवर चिमट्याची पाती टेकवली आणि दाबले नाही, नुसते पकडले.

दाणा माझ्या पोटात मावण्यासारखा राहिला नव्हता. म्हणून त्याला माझ्या तोंडाशी टेकवून दाणा, चिमटा आणि मी, तिघांनी एकत्र बाहेर यायचे होते. वाटेत स्वरयंत्राची चीर लागते. पुष्कळ दाणे तिथेच अडकून सुटतात, आणि तिथे सुटलेला दाणा दोन्ही फुप्फुसांची वाट बंद करतो. ती चीर उभी असते आणि वाल आडवा होता. मालतीबाई थांबल्या. त्यांनी मला पाव वळसा दिला. वाल उभा झाला आणि चिरेतून बाहेर आला.

त्याला खरोखरच मोडाचे टोक फुटले होते.

तात्या ताटली घेऊन व्हरांड्यात गेले. नागू त्यांच्या पाया पडायला वाकला, तसे ते मागे सरले. "माझ्या नको पडू. मी फक्त साल काढली. वाल हिने काढला."

नागूने मालतीबाईंकडे पाहिले आणि टोपी हातात घेतली.  धोंडूबाई मात्र पुढे सरसावली.

"तिला म्या शिकवलं," ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "आन तू रं, बैल देत नाय म्हनं. बैल तरी नीट हाकतोस का?"

जूनमध्ये मालतीबाईंचे वर्ष पुरे झाले. प्रशस्तिपत्र टेबलावर आले. तात्यांनी आपली सही केली. अक्षर थोडे वाकडे आले, ते त्यांनी लपविले नाही. नंतर त्यांनी कान्हांना कळंबला पाठविले. धोंडूबाई शेतीच्या कामाच्या दिवसांत बोलावणे आल्यामुळे कुरकुरतच आली. तात्यांनी शाईची गादी पुढे केली आणि दुसऱ्या सहीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

ती संशयाने म्हणाली, "जमीन तर नाय ना लिवून घेत?"

"नाही. तुम्ही हिला शिकवलंत असं लिहिलंय. इथे शिक्षकाची खूण लागते."

धोंडूबाईने अंगठा गादीवर टेकवला, कागदाजवळ नेला आणि थांबली. "पोरीला वाचून दाखवा आधी. तिला मान्य हाय का?"

तात्यांनी कागद वाचून दाखविला आणि मालतीबाईंनी होकाराची मान हलविली. अंगठा उमटला. अकरा प्रशस्तिपत्रांवर कोरी राहिलेली ती जागा बाराव्यावर भरली.

त्यानंतर तात्यांनी मला स्वतः कधी उचलले नाही. परंतु शिष्य पहिल्या महिन्यापासून मला दिव्यासह हाती घेऊ लागले, आणि तात्या त्यांच्या खांद्यावरून मान लांब करून पाहू लागले. ती माझी सर्वांत सुखाची सात वर्षे.

१९८१ मध्ये काचेच्या कांड्या आणि लखलखीत उजेड असलेली नवी दुर्बीण आली. तिच्याविषयी मला असूया नाही, ती चांगले काम करते. माझा राग निराळा आहे. मला चकचकीत पुसून, मखमलीवर निजवून काचेच्या कपाटात ठेवले आहे आणि कपाटाची किल्ली हरवली आहे. ती शोधण्याची कोणास इच्छा नाही. पाहुणे येतात, काचेला नाक लावतात, 'वा' म्हणतात आणि जातात. याला सन्मान म्हणतात. तात्यांच्या मनातल्या भीतीने मला अकरा वर्षे शिष्यांपासून दूर ठेवले आणि आता लोकांच्या आदराने कपाटात ठेवले. मला दोन्ही सारखीच वाटतात.

म्हणून मित्रांनो, माझी विनंती ऐका. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाताला वाल, चिंचोका, शेंगदाणा लागू देऊ नका. मुलाला ठसका लागला आणि नंतर थांबला तरी स्वस्थ बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. वाटेत पेज पाजू नका. छाती म्हणजे पातेले नव्हे, तिथे काही शिजत नाही. जाणत्या माणसाने शेजारी उभे राहून शिकणाऱ्याला हात घालू द्यावा, कारण जाणत्याचाही हात एक दिवस थरथरणार आहे. आणि किल्ली सापडत नसेल तर काच फोडा, मला बाहेर काढा आणि कोण्या शिकाऊ डॉक्टराच्या हातात, बकऱ्याच्या नरड्यापाशी, भिजलेल्या वालासह द्या. दिवा नसला तरी चालेल. व्हरांड्यात ऊन येते.

नळीला लेखणी धरता येत नाही, म्हणून तिच्या वतीने हे लिहिले. चोवीस वर्षे तिला पुसण्याचे काम माझ्याकडे होते. तिचे काही चुकले असेल तर ते माझे समजावे. आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

कान्हा कोंडाजी म्हसे,
निवृत्त परिचर, मुक्काम दहिवली, तालुका कर्जत